जाफन्याचा सुरुंग, पुण्याचा पाय

श्रीलंकेत पाय गेला असं सांगितलं की लोक आधी सुरुंगाबद्दल विचारतात. आवाज केवढा झाला, गाडी किती उंच उडाली, शुद्ध होती का. त्याची उत्तरं दोन मिनिटांत संपतात. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. गाडीखाली स्फोट झालेल्या माणसाला परत दोन पायांवर उभं करायला किती जण राबतात, किती काळ जातो आणि त्यातलं बरंचसं काम कोणाच्या नजरेलाही पडत नाही, हे कुठेतरी नीट लिहून ठेवायला हवं. अजूनही गाड्यांखाली स्फोट होतात. अजूनही विशी-पंचविशीतली पोरं हॉस्पिटलात जागी होतात आणि चादरीखाली एकच पाय असतो. पुढे काय करायचं हे घरच्यांना सांगणारं जवळ कोणी नसतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातला. घरची जिरायती शेती, घेवडा आणि ज्वारी. आमच्या भागात घरटी एक जण फौजेत असतोच, तसा मीही बेळगावच्या मराठा सेंटरला रंगरूट म्हणून दाखल झालो. श्रीलंकेत गेलो तेव्हा लान्स नायक होतो, दंडावर एक फीत.

ही लढाई नव्या पिढीला माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. तमिळ वाघांनी, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीईने, हत्यारं खाली ठेवायची, श्रीलंकेच्या फौजेने बराकीत परतायचं आणि मधे शांतता राखायला भारतीय फौज उभी राहायची. सुरुवातीला जाफन्यात आमच्या जवानांच्या गळ्यात लोकांनी हार घातले होते. ऑक्टोबरमध्ये सगळं फिसकटलं आणि ज्यांच्यासाठी आलो त्यांच्यातल्याच बंदूकधाऱ्यांशी लढायची वेळ आली. ते ऑपरेशन पवन. जाफना शहर ताब्यात घ्यायला दोन आठवड्यांवर लागले. २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, मुंबईतच शिकलेले, छातीत गोळी लागल्यावरही जवानांना हुकूम देत राहिले आणि तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली, तोवर आपले सुमारे १,२०० जवान त्या बेटावर पडले होते.

आणि हेही सांगितलं पाहिजे की जाफन्याच्या साध्या तमिळ माणसांनी दोन्हीकडून सोसलं. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफना हॉस्पिटलात आपल्या फौजेच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स आणि रुग्ण मारले गेले. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण पुढे ज्या घरांसमोरून आम्ही गस्त घालायचो त्या घरांतल्या बायका दार का लावून घेतात, ते मला कळत होतं.

मी पोहोचलो तोवर शहरातली मोठी लढाई संपली होती आणि रस्त्यांची लढाई सुरू झाली होती. जाफना द्वीपकल्प सपाट, तांबड्या मातीचा. दोन्ही बाजूंना ताडाची बनं, तंबाखू आणि कांद्याची शेतं, ताडपत्र्यांची कुंपणं. रस्ते अरुंद. राशन, पाणी, दारूगोळा, सुट्टीवर निघालेले जवान, सगळं त्याच रस्त्यांवरून जायचं. वाघांना हे पक्कं ठाऊक होतं. रस्ता बाजूने पोखरून डांबराखाली किंवा रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीत स्फोटकं भरायची, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, म्हणजे डिटेक्टर वाजत नाही. तिथून वायर मातीखालून शेताच्या बांधापर्यंत न्यायची. बनात एक जण बॅटरी घेऊन बसायचा. गाडी ठरलेल्या झाडासमोर आली की दोन टोकं जोडायची.

हे त्यांच्याकडे नवं नव्हतं. आमचे सुभेदार साहेब सकाळच्या ब्रीफिंगमध्ये नव्या पोरांना नेहमी एक घटना सांगायचे. २३ जुलै १९८३ ला जाफन्याजवळ तिरुनेलवेली इथे, पलालीहून शहरात येणाऱ्या रस्त्यावर, श्रीलंकेच्या फौजेची गस्त अशाच सुरुंगाने उडवली. टेलिफोनच्या केबलसाठी खणलेल्या चरातच सुरुंग ठेवला होता. पंधरा जणांच्या गस्तीतले १३ मेले. त्यानंतर कोलंबोत आणि इतर ठिकाणी तमिळांची घरं-दुकानं जाळली, शेकडो माणसं मारली आणि जे धुमसत होतं त्याचं यादवी युद्ध झालं. साहेब म्हणायचे, "एका जीपखाली फुटलेल्या सुरुंगाने देश पेटला बाळांनो, तेव्हा उकरलेली माती दिसली की आधी थांबा, मग मला विचारा."

म्हणून रोज सकाळी रस्ता उघडावा लागायचा. आरओपी, रोड ओपनिंग पार्टी. उजाडता उजाडता निघायचं. दोन टोळ्या रस्त्यापासून लांब, शेतातून चालायच्या, कारण वायर आणि वायरीच्या टोकाला बसलेला माणूस तिथे असायचा. रस्त्यावर सॅपर, म्हणजे सुरुंग शोधणारे जवान, हातात डिटेक्टर आणि प्रॉडर, माती टोचून बघायची सळी. कडेच्या मातीत लोखंडी आकडे ओढत न्यायचे, वायर असेल तर अडकते. मोरी आली की वाकून आत बघायचं, बॅटरीचा झोत टाकायचा. डांबराला नवा ठिगळ आहे का, झाडाच्या बुंध्यावर नेम धरायला खूण केलीय का. सगळ्यात मोठी खूण माणसांची. रोज विहिरीवर दिसणारी बाई आज नाही, रोज सायकलवरून जाणारा मास्तर आज नाही, की अंगावर काटा यायचा. काही मैलांना अर्धा दिवस जायचा. मग गाड्या सुटायच्या, तळाला वाळूची पोती अंथरून. त्या पोत्यांवर बसून पाठ मोडायची. माझा जीव त्याच पोत्यांनी वाचवला.

१९८८ चा ऑगस्ट होता. आपल्याकडे श्रावण, गावाकडून आलेल्या पत्रात पाऊस चांगला झाल्याचं लिहिलं होतं. तिकडे मात्र कोरडं, पाऊस दिवाळीच्या सुमाराला पडतो. चावकच्चेरीच्या पुढे एलिफंट पासकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या दोन गाड्या राशन घेऊन निघाल्या होत्या. पुढच्या शक्तिमान ट्रकमध्ये मागे आम्ही, पुढे ड्रायव्हर आणि सुभेदार साहेब. रस्ता उघडलेला होता. स्फोटकं इतकी खोल आणि वायर इतकी लांबून आणलेली होती की ती त्या दिवशी कोणालाच सापडणारी नव्हती.

आवाज मी ऐकलाच नाही. हे बहुतेक वाचलेले सांगतात. एक धक्का, तोंडात माती, आणि मग मी रस्त्याच्या कडेला उताणा. आकाश दिसत होतं, त्यातून कागद आणि तांदूळ पडत होते. गाडीचा पुढचा भाग राहिलाच नव्हता. ड्रायव्हर आणि सुभेदार साहेब जागीच गेले. मागच्यांतले दोघेही गेले, त्यातला एक मला हात लावता येईल इतक्या अंतरावर होता. रस्त्याला पडलेल्या खड्ड्यात बैलगाडी उभी राहिली असती.

मागच्या गाडीतले लगेच माझ्यापर्यंत आले नाहीत, आणि का आले नाहीत हे समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या स्फोटानंतर धावत येणाऱ्यांसाठी दुसरा सुरुंग पेरलेला असतो. बनातून गोळीबारही चालू होता. पोरं कव्हर घेऊन उत्तर देत होती आणि त्यांच्यातून एक सॅपर पोटावर सरकत, पुढची माती टोचत, माझ्याकडे येत होता. मद्रास सॅपर्सचा, स्वतः तमिळ. मोडक्या हिंदीत तो मला बोलतं ठेवत होता. "गाव का नाम बोलो. गाव में नदी है? नदी का नाम बोलो." मी वसना म्हणालो. टोच, टोच, थांब. "मंदिर है? किसका?" मी भैरोबा म्हणालो. टोच, टोच. डावी पोटरी कशीतरी भलत्याच दिशेला पडलेली मला दिसत होती आणि तो मला विचारत होता, भैरोबाची जत्रा कधी असते. चैत्रात, म्हणालो. तेवढ्यात तो पोहोचला. माझ्याच रायफलची स्लिंग मांडीला आवळली, माझ्याच खिशातली फील्ड ड्रेसिंग काढून दाबून धरली. प्रत्येकाची पट्टी त्याच्या त्याच्या खिशात असते, ती त्याच्यासाठीच वापरायची, हा नियम.

पुढचं तुटक आठवतं. आमच्या नर्सिंग असिस्टंटने मॉर्फिन टोचलं आणि कपाळावर पेनाने एम काढून वेळ लिहिली, म्हणजे पुढच्या डॉक्टरने चुकून दुसरा डोस देऊ नये. हेलिकॉप्टरने पलालीच्या विमानतळावर, तिथे रक्त चढवलं, जखम धुतली, मग एएन-३२ विमानाने मद्रास. विमानात दोन्हीकडे स्ट्रेचर लावलेले होते. शेजारचा पोरगा सारखा बूट मागत होता. त्याला पाय दोन्ही होते, डोळे नव्हते.

मद्रासच्या मिलिटरी हॉस्पिटलात सर्जन मेजर साहेबांनी मला शुद्धीत असताना सांगितलं. पाय वाचणार नाही, पण गुडघा वाचवतो. तेव्हा मला गुडघ्याची किंमत कळली नव्हती. ज्याचा गुडघा राहतो तो चढ चढतो, सायकल मारतो, मुलाला खांद्यावर घेऊन चालतो. गुडघा गेला की प्रत्येक पावलाला दुप्पट कष्ट. सुरुंगाच्या जखमेत माती, कापड, बुटाचे तुकडे आत खोलवर घुसलेले असतात. ती लगेच शिवली तर आत सडते. म्हणून कापून उघडीच ठेवतात, धुतात, मेलेलं मांस काढतात, पुन्हा उघडी ठेवतात, आणि काही दिवसांनी स्वच्छ झाली की शिवतात. घरचे भेटायला येतात, उघडी जखम बघतात आणि डॉक्टरवर ओरडतात. ओरडू नका. उशिरा शिवणं हीच त्या जखमेची रीत आहे.

तिथून पुणे. वानवडीला रेसकोर्सच्या बाजूला आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, फौजेतले त्याला नुसतं एएलसी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी १९४४ मध्ये सुरू झालेलं. त्या वॉर्डात माझं आयुष्य घडलं असं म्हटलं तर जास्त होणार नाही. तिथे श्रीलंकेचे आम्ही बरेच होतो. कोणाची गाडी उडालेली, कोणाचा पाय 'जॉनी'वर पडलेला. जॉनी म्हणजे वाघांनी बनवलेला लाकडी डबीतला छोटा सुरुंग, त्यांच्या मारल्या गेलेल्या एका कमांडरच्या नावाचा. लाकूड असल्यामुळे डिटेक्टरला सापडायला कठीण. माणूस मरत नाही, पाऊल जातं. सियाचीनवरचे होते, त्यांची बोटं आणि पावलं बर्फाने नेलेली. आणि ७१ च्या लढाईतले जुने पेन्शनर, जे पाय बदलून घ्यायला यायचे.

मला वाटलं होतं, गेल्या गेल्या माप घेतील आणि पाय देतील. तसं नसतं. आधी उरलेला पाय तयार करावा लागतो. तिथे त्याला स्टंप म्हणतात. ऑपरेशननंतर तो सुजलेला, थुलथुलीत असतो. क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं फिरवून बांधायचं, टोकाला घट्ट, वर जाताना सैल, म्हणजे तो निमुळता होतो. दिवसातून कितीतरी वेळा सोडायचं, परत बांधायचं, रात्रीही. उलटं, म्हणजे वर घट्ट आणि खाली सैल बांधलं, तर टोक सुजतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

दुसरं, गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. उशी घेतली की फार बरं वाटतं, आणि म्हणूनच ती घात करते. गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो, मग नकली पाय बसवला तरी सरळ चालता येत नाही. आमच्या वॉर्डातली सिस्टर रात्री फेरी मारताना एकेकाच्या पायाखालून उशी ओढून काढायची. रोज पालथं झोपायचं, मांडीचा सांधा आखडू नये म्हणून. आई भेटायला आली तेव्हा तिने प्रेमाने उशी सरकवली, आणि सिस्टरने तिच्यासमोरच ती काढून घेतली. आई रडली. मग सिस्टर तिच्याशेजारी बसली, गुडघ्याची वाटी दाखवून सगळं समजावलं. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डातल्या कोणाकोणाच्या पायाखाली उशी आहे ते आईच बघत फिरायला लागली.

तिसरी गोष्ट, नसलेल्या पायाचं दुखणं. अंगठ्याला खाज सुटते, जो अंगठा जाफन्यात राहिला. पोटरीत वीज गेल्यासारखं होतं, घोट्याला कोणीतरी पिळतंय असं वाटतं. पहिले काही दिवस मी कोणाला बोललो नाही, वाटलं डोकं फिरलंय. एका रात्री शेजारच्या कॉटवरचा कुमाऊँचा हवालदार दबक्या आवाजात म्हणाला, "तेरा भी खुजाता है क्या?" त्या एका प्रश्नाने मला जेवढं बरं वाटलं तेवढं गोळीने वाटलं नव्हतं. हे खरं दुखणं आहे. मेंदूत पायाची जागा तशीच राहते, कापलेल्या शिरा तिथे निरोप पाठवत राहतात. स्टंपला मालीश, हलक्या टिचक्या, बँडेज नीट, आणि वेळ, एवढ्याने माझं कमी झालं. अजूनही थंडीत कधीतरी येतं.

मग साच्याचा दिवस आला. फिटर साहेब वयस्कर होते, गवंड्यासारखे पांढरे हात. मला उंच स्टुलावर बसवलं, गुडघा थोडा वाकवायला लावला, स्टंपवर ओला पातळ मोजा चढवला. मग कॉपिंग पेन्सिल, ओली केली की रंग सोडणारी, जिभेला लावून मोज्यावर खुणा करायला लागले. गुडघ्याच्या वाटीचा गोल. वाटीखालची जाड शीर. नडगीची धार. बाहेरच्या बाजूला हाडाचं छोटं टोक. स्टंपचा शेवट. प्रत्येक ठिकाणी आधी बोटाने दाबायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी ओठ आवळले की तिथे फुली. मग प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि त्या सुकत असताना दोन्ही अंगठे वाटीखाली, शिरेच्या दोन बाजूंना, दाबून धरले. प्लॅस्टर गरम होत गेलं. त्यांचे अंगठे हलले नाहीत.

ते अंगठे का, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. माणसाला वाटतं नकली पायात वजन टोकावर येतं. टोकावर आलं तर माणूस चार पावलंही चालणार नाही. वजन घ्यायचं ते वाटीखालच्या शिरेवर आणि बाजूच्या मांसावर, जिथे शरीर सोसू शकतं. नडगीच्या धारेवर आणि त्या छोट्या हाडावर काहीच टेकू द्यायचं नाही. साचा काढल्यावर आतल्या बाजूला पेन्सिलीच्या सगळ्या खुणा उमटलेल्या होत्या. त्यात प्लॅस्टर भरून माझ्या स्टंपचा ठोकळा तयार झाला. मग ते कानशीने घासायला बसले. जिथे दाब सोसतो तिथून घासायचं, जिथे दुखतं तिथे उलट भर घालायची. त्या ठोकळ्यावर नकली पायाचा वरचा पेला बनतो, ज्यात स्टंप बसतो, त्याला सॉकेट म्हणतात. एवढं बारीक काम करणाऱ्या या माणसाला पदक नाही, पेपरात नाव नाही. मी त्यांना पुढे धोतरजोडी नेऊन दिली तर ते अवघडून गेले.

पहिल्यांदा उभा राहिलो तो दोन दांड्यांच्या मधे. फिजिओ साहेबांनी सांगितलं, आज चालायचं नाही, नुसतं वजन टाकायचं. मी टाकलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. थोड्या वेळाने पाय काढून स्टंप बघितला. लाल झालेला होता. घड्याळ लावून बसलो. लाली दहा मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर सॉकेट परत फिटरकडे. माझं परत गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. कंटाळून मी एकदा म्हणालो, "चालेल साहेब, सोसतो मी." फिटर साहेब पहिल्यांदाच चिडले. "सोसायला दिलेला पाय महिन्यात कोपऱ्यात जातो. मी कोपऱ्यासाठी पाय बनवत नाही."

मोज्यांचं गणित मला ७१ च्या एका पेन्शनर काकांनी शिकवलं. शिवथरकडचे होते. स्टंप दिवसभरात बारीक होतो, सकाळी बसणारं सॉकेट दुपारी सैल पडतं, मग आत पाय घसरतो आणि कातडी सोलते. म्हणून खिशात कायम एक जादा मोजा ठेवायचा. दुपारी झाडाखाली बसायचं, पाय काढायचा, एक मोजा वाढवायचा. "चारचौघांत काढायला लाजायचं नाय," काका म्हणाले. "मी लाजलो, पहिली दोन वर्षं. जखम झाली, ताप भरला, परत चार इंच कापायची पाळी आली होती." मोजा रोज धुवायचा, साबणाचा अंश राहू द्यायचा नाही. रात्री छोटा आरसा घेऊन स्टंपची मागची बाजू बघायची. हे सगळं आजही मी करतो.

दांड्या, मग काठी, मग काठीशिवाय. सपाट फरशी, मग उतार, मग पायऱ्या, मग खडी. फौजेतल्या माणसाला हे बरं पडतं, हुकूम आला की करायचं. अवघड होतं ते त्यानंतर. मेडिकल बोर्ड झालं, नोकरी संपली आणि मी गावी आलो.

पुण्याचा तो पाय बुटासाठी बनलेला होता. पाऊल ताठ, लाकूड आणि रबराचं. डांबरी रस्त्यावर झकास. पण आमच्या घरी उंबऱ्याला चप्पल काढतात, जेवायला मांडी घालून बसतात, परसाकडे उकिडवं बसावं लागतं. चिखलात पाऊल रुतलं की ओढून काढताना पट्टाच सुटायचा. भैरोबाच्या देवळात बुटासकट कसा जाणार? पहिल्या जत्रेला मी बाहेरच थांबलो. कोणीच काही बोललं नाही, पुजाऱ्यांनी बाहेर येऊन अंगारा लावला. पण मला ते लागलं. मग कोणीतरी जयपूर फूटबद्दल सांगितलं. डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपूरला बनवलेलं रबरी पाऊल. ते घोट्यात वाकतं, पाण्या-चिखलात चालतं, अनवाणी वापरता येतं, उकिडवं बसता येतं. माझ्याकडे पुढे दोन्ही पाय राहिले. शेतात आणि देवळात एक, तालुक्याला जाताना दुसरा. गावाकडच्या माणसाला पाय देताना तो दिवसभर काय काय करतो हे आधी विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, अपंग जवानांना काम शिकवणारी, १९१७ पासूनची. तिथे विजेच्या कामाचा पाया घातला आणि नंतर तालुक्याच्या गावी मोटर भरायचं दुकान टाकलं. पाणबुडी मोटर जळली की शेतकरी माझ्याकडे घेऊन येतात. बसून करायचं काम, आणि हात तर दोन्ही शाबूत होते. पेन्शनचे कागद मात्र बरेच फिरले. एका कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, कुठली लढाई? मी श्रीलंका म्हणालो. त्या म्हणाल्या, "पण आपलं श्रीलंकेशी युद्ध कधी झालं?" त्यांचा दोष नाही. शाळेत कोणी शिकवलंच नाही. कोलंबोत श्रीलंका सरकारने आपल्या जवानांचं स्मारक बांधलं, दिल्लीत २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात नावं लागली. त्याआधीची वर्षं फार मुकी गेली. जे परत आले नाहीत त्यांच्या घरच्यांना ती जास्त लागली.

आमचा ड्रायव्हर कोल्हापूरकडचा, भुदरगड तालुक्यातला. पाय चालायला लागल्यावर मी आधी त्याच्या घरी गेलो. वस्तीपर्यंत एसटी जात नव्हती, शेवटचा पल्ला चालत. त्याच्या वडिलांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि बराच वेळ काहीच विचारलं नाही. मग म्हणाले, "गाडी तोच चालवत हुता न्हवं? त्याची काय चूक?" तेव्हा मला कळलं की हा माणूस इतके महिने कसलं ओझं घेऊन बसलाय. पोराने गाडी नीट चालवली नाही म्हणून बाकीचे मेले का, हे. मी त्यांना सगळं सांगितलं. खोल पुरलेले कॅन, लांबून आणलेली वायर, बनात बसलेला माणूस. अंगणात काठीने रेघा ओढून दाखवलं, रस्ता इथे, मोरी इथे, बन इथे. जगातला कुठलाही ड्रायव्हर त्या गाडीला वाचवू शकला नसता. ते रेघांकडे बघत राहिले, मग दोनदा म्हणाले, "मंजे त्यानं नीट चालवली." मी म्हणालो, "तात्या, त्याच्याएवढी नीट कोणीच चालवत नव्हतं." त्यांनी आत हाक मारून त्याच्या आईला बाहेर बोलावलं आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं.

१ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाच्या दुपारी, दुकानातल्या टीव्हीवर गडचिरोलीची बातमी लागली. कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती. तिकडे निघालेल्या पोलीस जवानांची गाडी जांभुळखेड्याजवळ सुरुंगाने उडवली. १५ जवान आणि ड्रायव्हर. रस्त्यातला खड्डा दाखवत होते. मी टीव्ही बंद केला, हातातली मोटर तशीच ठेवली आणि त्या दिवशी काही केलं नाही.

त्यानंतर मी ठरवलं की ज्यांचा पाय गेलाय त्यांच्याकडे स्वतःहून जायचं. फौजेतले असोत, पोलिसातले असोत, ऊसतोडीच्या ट्रॉलीखाली सापडलेले असोत. माजी सैनिकांच्या ओळखीतून निरोप येतात. गेल्यावर मी आधी विजार वर करून पाय काढून दाखवतो, मग बोलतो. घरच्यांना सांगतो: उशी काढा, पालथं झोपवा, बँडेज मी बांधून दाखवतो तसं बांधा, जखम उघडी दिसली तर घाबरू नका. पायाला खाज सुटते म्हणाला तर हसू नका. आलेल्या-गेलेल्याने त्याच्यासमोर "अरेरे" करायचं नाही, करायचंच असेल तर अंगणात करा. पहिल्या पायाने टोचलं तर परत पाठवा, दहादा पाठवा. आणि त्याला घरातलं एखादं काम द्या, ज्याच्यावाचून अडेल असं.

अलीकडे ज्याच्याकडे जातो तो पोरगा चोवीस वर्षांचा आहे. माझ्यासारखाच डावा पाय, गुडघा शाबूत. पहिल्या दोन भेटींत भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिसऱ्या भेटीत त्याने एकच विचारलं, "मोटरसायकल येईल का?" मी त्याला सांगितलं, गिअर डाव्या पायात असतो, पाऊल वर-खाली होत नाही, त्यामुळे नेहमीची मोटरसायकल अवघड जाईल. मी बजाजची जुनी स्कूटर चालवली, तिचा गिअर डाव्या हातात आणि ब्रेक उजव्या पायात, माझ्यासाठीच बनवल्यासारखी. आता तर बिनगिअरच्या गाड्या आल्यात, ब्रेकही हातातच. सिग्नलला थांबताना उजवा पाय टेकायचा, तेवढी सवय लावायची. लायसन्सला डॉक्टरचा दाखला लागतो, तो काढायला मी बरोबर येईन. तो उठून बसला आणि कुठली गाडी हलकी पडेल ते विचारायला लागला. त्याच्या सॉकेटचा साचा पुढच्या आठवड्यात आहे. त्याचा भाऊ म्हणाला, रजा मिळत नाही. मी म्हणालो, मी नेतो.